जँगोमध्ये सेशन सांभाळताना: काय ठेवायचं, कुठे ठेवायचं, कधी पुसायचं

जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कचा नवा प्रोजेक्ट तयार केला की सेशन, म्हणजे एका विनंतीतली माहिती त्याच ब्राउझरच्या पुढच्या विनंत्यांपर्यंत लक्षात ठेवण्याची सोय, आपोआप चालू असतं. लॉगिन चालतं, कार्ट चालतं, त्यामुळे त्याच्या सेटिंग कुणी उघडून बघत नाही. मग साइट दोन सर्व्हरवर जाते किंवा पेमेंट गेटवे जोडला जातो आणि ग्राहक मधेच लॉगआउट व्हायला लागतात. हे का होतं आणि आधीच काय करून ठेवायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे. जँगो ४.२ आणि त्यापुढच्या आवृत्त्या गृहीत धरल्या आहेत. सेटिंग आणि फंक्शनची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच इंग्रजीत लिहायची, आणि सेटिंगची नावं सगळी कॅपिटल अक्षरांत.

पुढचे बहुतेक निर्णय एका कसोटीवर सुटतात. या क्षणी सगळी सेशन पुसली गेली, तर वापरकर्त्याला फार तर पुन्हा लॉगिन करावं आणि कार्ट पुन्हा भरावं लागलं पाहिजे. त्याहून जास्त काही हरवत असेल, तर ती माहिती सेशनमध्ये नको होती. तिची जागा डेटाबेसच्या टेबलात आहे.

आत काय चालतं

ब्राउझरकडे फक्त एक कुकी असते, नाव 'सेशनआयडी'. तिच्यात ३२ अक्षरांची यादृच्छिक किल्ली असते. माहिती सर्व्हरवर, 'जँगो_सेशन' या टेबलात असते. टेबलात तीनच रकाने: किल्ली, सही केलेली माहिती आणि मुदत संपण्याची वेळ. विनंती आली की सेशन मिडलवेअर (प्रत्येक विनंती आणि उत्तर ज्यातून जातं तो मधला कोड) कुकीतली किल्ली वाचतं. खरी माहिती मात्र कोडने रिक्वेस्ट.सेशनला हात लावला तरच टेबलातून आणली जाते. उत्तर परत जाताना काही बदललेलं असेल तर संपूर्ण सेशन पुन्हा लिहिलं जातं. 'संपूर्ण' हा शब्द लक्षात ठेवा, त्याचा त्रास पुढे दिसेल.

सेटिंगमध्ये मिडलवेअरचा क्रम तपासा: सेशन मिडलवेअर वर, ऑथेंटिकेशन मिडलवेअर त्याच्या खाली. मायग्रेट (डेटाबेसची टेबलं तयार करणारी आज्ञा) चालवल्याशिवाय टेबल तयार होत नाही. एवढं झालं की पाया तयार आहे.

लिहिलं, पण टिकलं नाही

सेशन डिक्शनरीसारखं वापरता येतं, आणि पहिली फसगत तिथेच होते. कार्ट आधीच सेशनमध्ये आहे आणि तुम्ही असं लिहिता:

रिक्वेस्ट.सेशन['कार्ट']['४२'] = ३

हे सेव्ह होत नाही. जँगो फक्त वरच्या थरातली नेमणूक पाहतं. आतल्या डिक्शनरीत झालेला बदल त्याला दिसत नाही. त्याच विनंतीत वाचलं तर ३ मिळतात, पुढच्या पानावर गायब. त्याच विनंतीत दुसऱ्या एखाद्या कारणाने सेशन सेव्ह झालं तर हाही बदल सोबत लिहिला जातो, म्हणून ही चूक कधी दिसते, कधी दिसत नाही. उपाय दोन आहेत. बदलानंतर रिक्वेस्ट.सेशन.मॉडिफाइड = ट्रू लिहा, किंवा कार्ट बाहेर काढा, बदला आणि परत नेमा:

कार्ट = रिक्वेस्ट.सेशन.गेट('कार्ट', {})
कार्ट[स्ट्र(पुस्तक_आयडी)] = नग
रिक्वेस्ट.सेशन['कार्ट'] = कार्ट

दुसरी पद्धत चांगली, कारण विसरायला वाव राहत नाही. यातल्या 'स्ट्र' कडेही लक्ष द्या. सेशन जेसन या मजकुरी स्वरूपात साठवलं जातं आणि जेसनमध्ये किल्ल्या नेहमी मजकूरच असतात. आज पूर्णांक ४२ ही किल्ली वापरलीत तर पुढच्या विनंतीत ती '४२' असा मजकूर होऊन येते आणि जुळत नाही. डेसिमल आणि तारखाही जेसनमध्ये थेट जात नाहीत, टाइपएरर येतो. रक्कम मजकूर म्हणून ठेवा, तारीख आयएसओफॉर्मॅटने. मॉडेलचा ऑब्जेक्ट तर ठेवूच नका, त्याचा आयडी ठेवा. किंमतही सेशनमध्ये नको: दुकानात भाव बदलला तरी कार्टात जुनाच राहील.

पूर्वी अशा अडचणीत पिकल सिरिअलायझर (पायथनचे ऑब्जेक्ट जसेच्या तसे साठवणारी पद्धत) वापरायचा सल्ला मिळायचा. तो जँगो ५.० मध्ये काढून टाकला आहे आणि ते योग्यच झालं. सही करायची सिक्रेट की फुटली आणि सेशन कुकीत असेल, तर पिकलमधून हल्लेखोराला सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता.

अंडरस्कोरने सुरू होणारी नावं जँगोने स्वतःसाठी राखली आहेत, ती टाळा.

सेव्हच्या वेळेबद्दल दोन बारकावे. उत्तराचा कोड ५०० असेल तर सेशन सेव्ह होतच नाही. आणि ॲटॉमिक_रिक्वेस्ट्स (चूक झाली तर त्या विनंतीतलं डेटाबेसचं सगळं लिखाण मागे घेणारी सेटिंग) चालू असेल, तर त्याचं ट्रान्झॅक्शन फक्त व्ह्यूभोवती, म्हणजे विनंतीचं उत्तर तयार करणाऱ्या फंक्शनभोवती असतं. सेशन त्याच्या बाहेर, मिडलवेअरमध्ये सेव्ह होतं. व्ह्यूने ऑर्डर तयार केली, तिचा आयडी सेशनमध्ये ठेवला आणि नंतर ४०४ चा अपवाद फेकला, तर ऑर्डर मागे घेतली जाते, आयडी मात्र सेशनमध्ये राहतो. म्हणून सेशनमधून काढलेल्या आयडीची नोंद टेबलात असेलच असं कधीही गृहीत धरू नका.

साठवण कुठे करायची

सेशन_इंजिन या सेटिंगला पाच तयार पर्याय आहेत: डेटाबेस, कॅशे (झटपट वाचायची तात्पुरती साठवण), कॅशे आणि डेटाबेस एकत्र, फाइल आणि सही केलेली कुकी.

मूळ पर्याय डेटाबेस आहे आणि बहुतेक साइटना तो पुरतो. सेशन वापरणाऱ्या प्रत्येक विनंतीला किल्लीवरून एक ओळ शोधावी लागते. किल्ली हीच प्रायमरी की असल्याने ते झटकन होतं. मंदपणा जाणवला तर आधी मोजा, मग बदला. खरोखर गरज असेल तर 'कॅश्ड_डीबी' घ्या: वाचन कॅशेतून, लिखाण दोन्हीकडे. कॅशे रिकामा झाला तरी लॉगिन टिकतं.

नुसत्या कॅशेवर सेशन ठेवायचं असेल तर तीन गोष्टी पाहाव्या लागतात. एक: लोकल मेमरी कॅशे चालणार नाही. तो प्रत्येक प्रोसेससाठी वेगळा असतो. गनिकॉर्न या सर्व्हरचे चार वर्कर (स्वतंत्र प्रोसेस) असले की एका विनंतीला माणूस लॉगिन, पुढच्या विनंतीला अनोळखी. आपल्या लॅपटॉपवर एकच प्रोसेस असल्यामुळे हे कधी दिसत नाही. दोन: जागा भरली की मेमकॅश हा कॅशे सर्व्हर जुन्या नोंदी काढून टाकतं, रेडिस या तशाच सर्व्हरला मेमरीची मर्यादा आणि 'ऑलकीज-एलआरयू' (बराच वेळ न वापरलेल्या नोंदी आधी काढा) धोरण दिलेलं असेल तर तेही काढतं. त्या नोंदी म्हणजे लोकांची लॉगिन आहेत. तीन: डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये कॅशे.क्लिअर() असेल, तर जँगोचा रेडिस बॅकएंड रेडिसमधला तो पूर्ण डेटाबेस रिकामा करतो. प्रत्येक डिप्लॉयनंतर सगळे ग्राहक बाहेर. यासाठी कॅशेसमध्ये 'सेशन्स' नावाची वेगळी नोंद करा आणि सेशन_कॅशे_एलिअसला ते नाव द्या. रेडिसचा नुसता डेटाबेस क्रमांक बदलून क्लिअरपासून बचाव होतो, मेमरीची मर्यादा मात्र सामाईकच राहते. शक्य असेल तर सेशनसाठी रेडिस स्वतंत्रच चालवा.

सही केलेल्या कुकीत सर्व्हरवर काहीच साठवावं लागत नाही, म्हणून ती मोहक वाटते. पण सही म्हणजे कुलूप नव्हे. वापरकर्त्याला मजकूर बदलता येत नाही, वाचता मात्र येतो. ब्राउझर एका कुकीला साधारण ४०९६ बाइटपर्यंतच जागा देतात. सगळ्यात वाईट म्हणजे लॉगआउटनंतरही जुनी कुकी जपून ठेवलेल्याला तीच परत पाठवता येते, आणि मुदत संपेपर्यंत ती चालते. पैसे किंवा खाजगी माहिती असलेल्या साइटवर हा पर्याय घेऊ नये.

मुदत

मूळ मुदत १२०९६०० सेकंद, म्हणजे दोन आठवडे. ती शेवटच्या भेटीपासून धरली जाते असा समज आहे, तो चुकीचा आहे. ती सेशन शेवटचं सेव्ह झालं तिथपासून मोजली जाते. वाचन म्हणजे बदल नाही. रोज साइट वापरणारा माणूस काहीच बदलत नसेल तर पंधराव्या दिवशी बाहेर पडतो.

सेशन_सेव्ह_एव्हरी_रिक्वेस्ट चालू केलं की मुदत प्रत्येक भेटीला पुढे सरकते, पण प्रत्येक विनंतीला एक लिखाण वाढतं. त्यापेक्षा छोटं मिडलवेअर लिहा: लॉगिन असलेल्या वापरकर्त्याच्या सेशनमध्ये 'ताजं' नावाने आजची तारीख ठेवा, ती आजची नसेल तरच बदला. दिवसाला एकच लिखाण आणि परिणाम जवळजवळ तोच.

'मला लक्षात ठेवा' ची चौकट असेल तर लॉगिन() बोलावल्यानंतर सेट_एक्स्पायरी वापरा: खूण नसेल तर ०, असेल तर १२०९६००. क्रम उलटा केला आणि त्या ब्राउझरमध्ये आधी दुसराच कुणी लॉगिन असेल, तर लॉगिन() जुनं सेशन पूर्ण पुसतं आणि तुमची मुदतही जाते.

शून्य म्हणजे ब्राउझर बंद होईपर्यंत. यावर फार विसंबू नका. क्रोममध्ये 'जिथे सोडलं तिथून सुरू करा' हा पर्याय चालू असेल तर अशा कुकीही परत येतात. सार्वजनिक संगणकांवरून वापरल्या जाणाऱ्या साइटसाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे सेवा केंद्रावर एकच चालक एकाच ब्राउझरमधून दिवसभर वेगवेगळ्या नागरिकांचे अर्ज भरतो. तिथे १५ ते २० मिनिटांची मुदत सेकंदांत द्या. ही मुदतही शेवटच्या सेव्हपासूनच मोजली जाते, म्हणून अशा साइटवर सेव्ह_एव्हरी_रिक्वेस्टचा खर्च सोसा, नाहीतर काम चालू असतानाच चालक बाहेर फेकला जाईल. लॉगआउटचं बटण प्रत्येक पानावर ठळक ठेवा.

त्याच केंद्रावर आणखी एक घोळ होतो. चार पानांचा अर्ज तुम्ही 'अर्ज' या एकाच किल्लीखाली सेशनमध्ये साठवता. चालकाने दोन टॅबमध्ये दोन माणसांचे अर्ज उघडले, की एकाचं नाव आणि दुसऱ्याचा पत्ता असा अर्ज दाखल होतो. सेशन ब्राउझरचं असतं, टॅबचं नाही आणि माणसाचंही नाही. अर्धवट अर्ज टेबलात मसुदा म्हणून ठेवा, मसुद्याचा आयडी यूआरएलमध्ये द्या आणि प्रत्येक पानावर तो मसुदा याच खात्याचा आहे ना हे तपासा.

टॅब दोन असले की संपूर्ण सेशन पुन्हा लिहिण्याची अडचणही समोर येते. दोन विनंत्या एकाच वेळी आल्या, दोघींनी जुनं सेशन वाचलं, एकीने कार्ट बदललं, दुसरीने पत्ता. जी उशिरा सेव्ह होते तिचंच राहतं. पानावर चार-पाच अजॅक्स (पान न बदलता मागे होणाऱ्या) विनंत्या असतील तर हे रोज घडतं. सेशनमध्ये कुलूप नाही. म्हणून मोजदाद, शिल्लक, साठा यांतलं काहीही तिथे ठेवू नये.

पेमेंटवरून परत येताना

भारतातल्या साइटवर ही तक्रार वारंवार येते: पैसे कापले गेले आणि समोर लॉगिनचं पान आलं. कारण असं. सेशनच्या कुकीला जँगो सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत कुकी पाठवायची का हे ठरवणारा गुणधर्म) 'लॅक्स' लावतं. लॅक्स कुकी दुसऱ्या साइटवरून आलेल्या साध्या दुव्यासोबत जाते, पण दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्ट विनंतीसोबत (फॉर्म पाठवल्यासारख्या) जात नाही. अनेक गेटवे व्यवहारानंतर ग्राहकाच्या ब्राउझरमधूनच तुमच्या कॉलबॅक पत्त्यावर पोस्ट करतात. त्या विनंतीत कुकीच नसते. व्ह्यूवर लॉगिन_रिक्वायर्ड असेल तर तो ग्राहकाला लॉगिनकडे पाठवतो.

पटकन सुचणारा इलाज म्हणजे सेमसाइट 'नन' करणं. तो करू नका. एका पानासाठी सगळ्या साइटचं संरक्षण कमी होतं. कॉलबॅकचा व्ह्यू असा लिहा:

१. त्यावर सीएसआरएफ_एक्झेम्प्ट (दुसऱ्या साइटवरून आलेली पोस्ट अडवणारी तपासणी वगळणारी खूण) लावा, लॉगिनची अट काढा.
२. गेटवेने पाठवलेली सही तुमच्या गुप्त किल्लीने पडताळा. ती जुळली नाही तर तिथेच थांबा.
३. ऑर्डर तिच्या क्रमांकावरून शोधा, सेशनमधून नाही. रक्कम जुळवून पाहा आणि मगच स्थिती बदला.
४. ग्राहकाला तुमच्याच 'ऑर्डर पाहा' पानाकडे रिडायरेक्ट करा. ही गेट विनंती असते, तिच्यासोबत लॅक्स कुकी येते आणि ग्राहक लॉगिनच दिसतो.

या व्ह्यूमध्ये रिक्वेस्ट.सेशनमध्ये काहीही लिहू नका. विनंतीसोबत कुकी आलेली नाही, त्यामुळे जँगो नवं सेशन तयार करेल आणि त्याची कुकी ग्राहकाच्या चांगल्या कुकीवर लिहिली जाईल. मग तो खरोखरच लॉगआउट होईल. 'पेमेंट यशस्वी' अशी एक निरुपद्रवी खूण सेशनमध्ये ठेवल्यामुळे हे घडतं आणि शोधायला दिवस जातात. गेटवेचा सर्व्हर स्वतंत्रपणे वेबहुक (थेट सर्व्हरकडून सर्व्हरकडे येणारी विनंती) पाठवत असेल तर तिथे ब्राउझरच नसतो, म्हणजे सेशनचा प्रश्नच येत नाही.

सुरक्षितता

सेशन_कुकी_सिक्युअर (कुकी फक्त एचटीटीपीएसवर पाठवणारी सेटिंग) मूळात बंद असतं. खऱ्या साइटवर ते चालू करा, लॅपटॉपवर साध्या एचटीटीपीवर काम करताना बंद ठेवा. नाहीतर काही ब्राउझरमध्ये लॉगिन झाल्यासारखं दिसतं आणि पुढच्याच पानावर नसतं. एचटीटीपीओन्ली (जावास्क्रिप्टला कुकी वाचू न देणारी सेटिंग) आधीपासून चालू आहे, त्याला हात लावू नका. चेक --डिप्लॉय ही आज्ञा अशा सुटलेल्या गोष्टी दाखवते.

ओटीपीने लॉगिन देताना बरेच जण जँगोचं लॉगिन() वगळून सेशनमध्ये स्वतःच 'यूजर_आयडी' लिहितात. लॉगिन() सेशनची किल्ली बदलतं, तुमचा कोड बदलत नाही. मग हल्लेखोराने आधीच कुणाच्या तरी ब्राउझरमध्ये रुजवलेली किल्ली लॉगिननंतरही तीच राहते आणि त्यालाही आत घेते. ओटीपी पडताळल्यावर लॉगिन() च बोलवा. किल्ली बदलली तरी अनोळखी असताना भरलेलं कार्ट शाबूत राहतं.

ओटीपी किती वेळा चुकला हेही सेशनमध्ये मोजू नका. कुकी टाकून दिली की मोजणी पुन्हा शून्यावर येते. ती मोबाइल क्रमांकाच्या नावाने सर्व्हरवरच्या सामाईक कॅशेमध्ये ठेवा.

पासवर्ड बदलला की त्या खात्याची बाकी सगळी सेशन बाद होतात, कारण सेशनमध्ये पासवर्डच्या हॅशवरून काढलेली खूण असते. चालू ब्राउझर आत राहावा म्हणून बदलाच्या व्ह्यूत अपडेट_सेशन_ऑथ_हॅश बोलवा. पासवर्ड न बदलता 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा' द्यायचं असेल तर मूळ टेबलात वापरकर्त्याचा रकाना नाही ही अडचण येते. अॅब्स्ट्रॅक्टबेससेशनवरून स्वतःचं मॉडेल करा, त्यात खात्याचा आयडी आणि इंडेक्स द्या, आणि सेशनस्टोअरमध्ये क्रिएट_मॉडेल_इन्स्टन्स लिहून तो रकाना भरा. मग एका डिलीटमध्ये काम होतं. हे साइट लहान असतानाच केलेलं बरं.

झाडलोट

मुदत संपलेल्या ओळी जँगो स्वतः काढत नाही. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) रोज रात्री क्लिअरसेशन्स चालवा. कॅशेवर सेशन असेल तर याची गरज नाही.

टेबल तरीही फुगत असेल तर अनोळखी भेटीत कोड सेशनमध्ये काय लिहितो ते शोधा. टेबल फुगायला 'शेवटचं पाहिलेलं पान' यासारखी एक नोंदही पुरते. शोधयंत्रांचे बॉट कुकी सांभाळत नाहीत, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक विनंतीला नवी ओळ तयार होते. काहीच न लिहिलेल्या सेशनला जँगो कुकीही देत नाही आणि ओळही बनवत नाही. ग्राहकाने खरंच काही निवडेपर्यंत सेशनला लिहायला हात लावू नका.

लॉगिन टिकत नसेल तर

ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये लॉगिनच्या उत्तरात सेट-कुकी आहे का बघा. नसेल तर मिडलवेअर किंवा सेव्हची गडबड. असेल पण पुढच्या विनंतीत कुकी जात नसेल, तर सिक्युअर, डोमेन किंवा सेमसाइट. कुकी जाते आणि तरीही सर्व्हर ओळखत नाही, तर साठवण सामाईक नाही किंवा सिक्रेट की वेगवेगळी आहे. सेटिंगच्या फाइलमध्ये सुरू होताना नवी सिक्रेट की तयार करण्याची ओळ कुणी ठेवली असेल तर प्रत्येक वर्करची की वेगळी होऊ शकते. लॉगमध्ये 'सेशन डेटा करप्टेड' असा इशारा दिसला की आधी तिकडे पाहा. सिक्रेट की मुद्दाम बदलायची असेल तर जुनी की सिक्रेट_की_फॉलबॅक्समध्ये काही दिवस ठेवा, म्हणजे सगळे एकदम बाहेर पडत नाहीत.

लोकलहोस्टवर ८००० आणि ८००१ अशा दोन पोर्टवर दोन प्रोजेक्ट चालवले तर एकात लॉगिन केल्यावर दुसऱ्यातून बाहेर पडता. कुकीला पोर्ट कळत नाही. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं सेशन_कुकी_नेम द्या.

टेस्ट लिहिताना सेल्फ.क्लायंट.सेशन आधी एका चलात घ्या, त्यात बदल करा आणि त्याच चलावर सेव्ह() बोलवा. दर वेळी सेल्फ.क्लायंट.सेशन असं लिहिलंत तर दर वेळी नवा ऑब्जेक्ट मिळतो आणि बदल वाऱ्यावर जातो.